तीनशे बारा प्रवासी आणि चार मिलिमीटर

मिलिमीटरकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं होतं. पण ती पाटी त्यांनी स्वतःच केलेली, आणि हाताला सवय सगळं पन्नास पटीने लहान करायची. त्यामुळे ते नाव आजवर पोस्टमनलासुद्धा वाचता आलेलं नव्हतं. तो आपला अंदाजाने पत्रं टाकायचा आणि अंदाज बरोबर निघायचा, कारण त्या गल्लीत विमानं बनवणारं दुसरं घर नव्हतं.

विमानं म्हणजे विमानांची मॉडेलं. त्यांना कुणी खेळणं म्हटलं की काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि बोलणाऱ्याकडे बराच वेळ नुसते बघत राहायचे. खेळण्याला प्रमाण नसतं, मॉडेलला असतं, एवढाच त्यांचा मुद्दा. तो पटवायला त्यांना अर्धा तास लागायचा आणि पाहुण्याचा चहा गार व्हायचा. एकास पन्नास म्हणजे एकास पन्नास. खऱ्या विमानाचे पन्नास मीटर म्हणजे इथे एक मीटर, खिडकीची चौकट म्हणजे इथे अमुक इतके मिलिमीटर, आणि त्यात सूतभरही इकडेतिकडे नाही. लोकांचा धर्म, पक्ष, क्रिकेटचा संघ असतो. काकांचं प्रमाण होतं.

कारखाना सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होता. उत्तरेकडे तीन खिडक्या असलेली एक लांबलचक खोली, रंगाचा आणि डिंकाचा वास, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेल्या कानशी. मागे स्वयंपाकघर आणि दोन खोल्यांचं बिऱ्हाड. कारखान्यात माणसं दोनच, काका आणि काकू. काका विमान करायचे आणि काकू विमानात माणसं बसवायच्या. खुर्च्या, खिडक्यांचे पडदे, हवाई सुंदरींच्या हातातले ट्रे हे सगळं काकूंचं खातं. त्यांच्या चिमट्यातून सुटलेला प्रवासी कुणी पाहिलेला नव्हता.

या खोलीच्या बरोबर मधोमध एक निळा पडदा होता. त्याला कारण होतं. जगभरात लांब पल्ल्याची अगडबंब प्रवासी विमानं बनवणाऱ्या कंपन्या म्हणजे मूठभर, आणि त्यांतल्या दोन काकांच्या गिऱ्हाईक होत्या. एकीचं नवं विमान दोन इंजिनांचं, दुसरीचं चार इंजिनांचं. घरात त्यांची नावं कुणी घेत नसे. ‘दोनवाले’ आणि ‘चारवाले’ म्हटलं की झालं. विमान विकायला निघालेल्या माणसाला विमान पिशवीत घालून नेता येत नाही, म्हणून तो मॉडेल नेतो. ते टेबलावर ठेवतो, विकत घेणारे साहेब त्याच्याभोवती फिरतात, आत डोकावतात, आणि तेवढ्या वेळात विक्रीवाला कानाशी गुणगुणत राहतो. दोनवाल्यांचं म्हणणं असं की आमचं विमान इंधन कमी पितं. चारवाल्यांचं म्हणणं असं की भर समुद्रावर एक इंजिन रुसलं तर आमच्याकडे अजून तीन शिल्लक राहतात. त्यावर दोनवाले म्हणायचे, आमची इंजिनं रुसत नाहीत. दोन्ही कंपन्यांना ठाऊक होतं की काका दोघांचंही काम करतात. अट एवढीच की एकाचं दुसऱ्याला दिसता कामा नये. म्हणून पडदा. दोघांची माणसं एकाच वेळी आली, तर काकू एकाला स्वयंपाकघरात बसवून त्याला मोठ्या गिऱ्हाइकाचा मान म्हणून मटार सोलायला द्यायच्या.

त्या वर्षी एका मोठ्या विमानसेवेने जाहीर केलं की आपल्याला चौदा-चौदा तास न थांबता उडणारी विमानं घ्यायची आहेत, एकदोन नव्हे, चाळीस. झालं, दोन्ही कंपन्यांनी कंबर कसली. ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि गल्लीतही दोन तट पडले. खालचा सायकलवाला चारवाल्यांच्या बाजूने, कारण त्याच्या मते चाकं काय आणि इंजिनं काय, जितकी जास्त तितकं बरं. हे तो दिवसभर दोन चाकांची वाहनं दुरुस्त करत सांगायचा. समोरचा न्हावी दोनवाल्यांचा. या दोघांपैकी एकानेही विमान जमिनीवरून वर बघण्यापलीकडे पाहिलेलं नव्हतं, म्हणून वाद कधी संपत नसे.

दोन्ही कंपन्यांनी काकांकडे मॉडेलं सांगितली. दोघांचीही एकास पन्नास, दोघांचीही एका कुशीने उघडी, म्हणजे आतल्या खुर्च्या आणि प्रवासी दिसावेत अशी, आणि दोघांनाही एकाच दिवशी हवी. विमानसेवेच्या बैठकीच्या खोलीत ती एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवली जाणार होती.

दोनवाल्यांचा विक्री अधिकारी नेहमी टायमध्ये असायचा, अगदी उन्हाळ्यातही, म्हणून काकूंनी त्याचं नाव टायवाले ठेवलं होतं. मॉडेल निम्मं झालेलं असताना टायवाले आले. खुर्ची ओढून बसले, काकांच्या हाताचं कौतुक केलं, आणि मग हळूच मुद्द्यावर आले. चारवाल्यांचं विमान यांच्या विमानापेक्षा तीन मीटर लांब होतं. म्हणजे टेबलावर सहा सेंटिमीटर. शेजारी शेजारी ठेवल्यावर आपलं जरा बिचारं दिसणार, तेव्हा ते सहा सेंटिमीटर कुठेतरी शेपटीबिपटीत सामावता आले तर बघा, असं त्यांचं म्हणणं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“विमान मोठं हवं असेल तर तुमच्या कारखान्यात सांगा,” ते म्हणाले. “तिथे वाढलं की इथे आपोआप वाढेल.”

टायवाले हसले, पण ते हसणं टायच्या गाठीवर येऊन थांबलं. जाता जाता त्यांनी सहज सांगितलं की हल्ली मॉडेलं यंत्रावर छापून मिळतात, आणि यंत्र उलट बोलत नाही. ते गेल्यावर काकू म्हणाल्या की अहो, निम्मं काम त्यांचं आहे, जरा गोड बोलला असतात तर जीभ झिजली नसती. काका म्हणाले की गोडच बोललो. काकूंनी तो विषय तिथेच सोडला. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कुठे सोडायचं ते कळतं.

आता या कारखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. प्रवासी साच्यातून काढून, रंगवून, बुटांच्या खोक्यांत ठेवलेले असायचे. एका खोक्यात पन्नासाची माणसं, म्हणजे एकास पन्नास प्रमाणातली. दुसऱ्यात साठाची, ती एका नाट्यगृहाच्या मॉडेलसाठी केली होती, त्यातली तीनचारशे उरली होती. बसलेला पन्नासाचा माणूस सव्वीस मिलिमीटर भरायचा, साठाचा बावीसच्या आतबाहेर. खोक्यांवर मात्र काहीही लिहिलेलं नसायचं. काकू अठरा वर्षं सांगत होत्या की अहो, चिठ्ठ्या लावा. काका अठरा वर्षं म्हणत होते की चिठ्ठी ज्याच्या डोळ्याला लागते त्याने हा धंदा करू नये. मी चिमटीत धरलं की मला माप कळतं. आणि खरंच कळायचं. काकूंच्या माहेरच्या माणसांनी त्यांची कितीदा परीक्षा घेतली होती, डोळे बांधूनसुद्धा, आणि काका दर वेळी जिंकले होते. तो त्यांचा लाडका खेळ होता, आणि माहेरच्यांचा जरा कमी.

दोन्ही मॉडेलं द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी काका पडद्याच्या अलीकडे दोनवाल्यांच्या विमानाची लांबी चौथ्यांदा मोजत होते. टायवाल्यांच्या बोलण्याने त्यांच्या डोक्यात ती लांबी अशी बसली होती की दुसरं काही दिसतच नव्हतं. काकूंनी पडद्यापलीकडून प्रवासी मागितले. चारवाल्यांचे प्रवासी बसवून झाले होते, आता दोनवाल्यांचे बसवायचे होते. काकांनी एका हाताने मोजपट्टी धरून, दुसऱ्या हाताने फळीवरचं खोकं काढलं आणि न बघता पुढे केलं. काकूंनी संध्याकाळपर्यंत तीनशे बारा माणसं चिकटवली. सगळीच एका मापाची असल्यामुळे एकमेकांत कुणी लहान दिसलं नाही. काकांनी शेवटी उघड्या कुशीतून आत डोकावून पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं. केबिन कशी ऐसपैस दिसत होती. रंग उजळ घेतल्यामुळे असं झालं, असं त्यांनी काकूंना समजावूनही सांगितलं.

आठवड्याने टायवाले फळांची करंडी घेऊन हजर. खूष दिसत होते. विमानसेवेचे अध्यक्ष दोन्ही मॉडेलं बघून म्हणाले होते की चारवाल्यांचं लांब आहे खरं, पण यांच्यात माणसं किती आरामात बसली आहेत. खुर्चीभोवती जागाच जागा. टायवाल्यांनी खुर्ची काकांच्या अगदी जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

“काका, तुम्ही तोंडाने नाही म्हणालात, पण मनावर घेतलंत. विमान मोठं करायचं नाही, माणसं लहान करायची. हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नसतं.”

असं म्हणून त्यांनी डोळा मारला.

काकांना आधी काही कळेचना. टायवाल्यांनी खिशातल्या पट्टीने म्हणे तिथे हळूच मोजलं होतं, प्रत्येक प्रवासी चार मिलिमीटर कमी. काका उठले. फळीवरून खोकं काढलं, झाकण उघडलं, एक माणूस चिमटीत धरला. सव्वीस. दुसरा धरला. सव्वीस. पन्नासाची माणसं खोक्यात शिस्तीत पडून होती, आणि नाट्यगृहाचे प्रेक्षक लांब पल्ल्याच्या प्रवासाला निघून गेले होते.

चार मिलिमीटर म्हणजे तुम्हा-आम्हाला काय, नखावरची पांढरी रेघ. पण ज्याला सगळी गल्ली मिलिमीटर म्हणते त्याच्या बाबतीत ते घर फिरल्यासारखं होतं. आणि चुकीचं एक वेळ असो, चूक कुणाच्याही हातून होते. पण समोरचा माणूस ती चूक समजतच नव्हता. तो तिला हुशारी समजत होता, आणि शाबासकी देत होता. काकांनी सांगितलं की हे माझ्याकडून चुकून झालं. टायवाले मान डोलावत म्हणाले, अर्थात, चुकूनच. आणि पुन्हा डोळा मारला. काकांनी तीनदा सांगितलं, ते तीनदा डोलले. जाताना म्हणाले की बैठक गुरुवारी आहे, तोपर्यंत आपण दोघं गप्प. काम मिळालं की पुढची दहा वर्षं सगळी मॉडेलं तुमच्याकडेच.

टायवाले जिन्यावरून उतरून गेल्यावर काकूंनी कात्री, कागद आणि खळ आणली आणि सगळ्या खोक्यांना चिठ्ठ्या लावल्या. काका बघत बसले. एरवी अशा प्रसंगी काकू तोंडसुख घेतल्याशिवाय राहत नसत, पण त्या दिवशी त्यांनी फक्त अक्षर जरा मोठं काढलं.

मग दोघं स्वयंपाकघरात बसली. काका म्हणाले की जाऊन सांगायला हवं. काकूंनी हिशेबाच्या गोष्टी समोर ठेवल्या: दोनवाले जातील, म्हणजे पडद्याची एक बाजू रिकामी होईल. चारवाले तरी राहतील का, सांगता येत नाही. त्यांनाही वाटेल की हा माणूस भरवशाचा नाही. आणि गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही. काका म्हणाले, त्याला कळलेलं आहे ना. तो उद्या दहा जणांना सांगेल, की त्या म्हाताऱ्याला नुसतं सुचवा, तोंडाने नाही म्हणतो, पण करून देतो. मग माझ्या एकास पन्नासवर कुणी का विश्वास ठेवावा?

काकूंनी थोडा वेळ टेबलावरची खळ नखाने खरवडली.

“सांगायला जाताय ते जा,” त्या म्हणाल्या. “पण नुसतं सांगून काय होणार? मी पन्नासाची माणसं घेऊन येते बरोबर. चुकीची तुम्ही काढा, बरोबरची मी बसवते.”

मंगळवारी सकाळी ती दोघं बसने विमानसेवेच्या कचेरीत गेली. काकांच्या हातात हत्यारांची पेटी, काकूंच्या मांडीवर बुटांचं खोकं आणि खोक्यात तीनशे बारा प्रवासी. खरेदी खात्याच्या प्रमुख एक बाई होत्या, केस आखूड, टेबल रिकामं. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाठ केल्यासारखं सांगितलं, कारण बसमध्ये पाठ केलेलंच होतं. शेवटी म्हणाले की ते सगळे प्रवासी नाटकाचे प्रेक्षक आहेत, त्यांना उतरवून मला योग्य माणसं बसवू द्या. बाईंनी विचारलं की यात तुम्हाला फायदा काय. काका गोंधळले. फायद्याचं उत्तर त्यांनी पाठ केलं नव्हतं.

“ते माप चुकलंय,” ते म्हणाले.

बाईंनी बैठकीच्या खोलीची किल्ली दिली. तशा विमानं बाहुल्या बघून घेतली जात नाहीत, त्यासाठी आमच्याकडे कपाटभर कागद आहेत, असंही त्या म्हणाल्या. पण अध्यक्ष कागदापेक्षा बाहुल्यांपाशीच जास्त उभे राहतात, हे त्या म्हणाल्या नाहीत, तरी कळलं.

दोन दिवस काका-काकू त्या गुळगुळीत टेबलाशी बसून होती. काका सुईला स्पिरिट लावून एकेक प्रवासी सैल करायचे, काकू त्याच्या जागी दुसरा बसवायच्या. केबिन हळूहळू भरायला लागली. खरं तर आधीही ती भरलेलीच होती, पण आता ती भरलेली दिसायला लागली. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले. खांद्याला खांदा भिडला. मधल्या रांगेतल्या माणसांनी हात कुठे ठेवायचे हा प्रश्न काकूंना चिमटा हातात धरून सोडवावा लागला. एका ओळीत दहा खुर्च्या होत्या. टायवाल्यांच्या कंपनीने एक खुर्ची जास्तीची बसवली होती, आणि छोट्या माणसांनी ती आजवर पोटात घातली होती.

बुधवारी दुपारी अध्यक्ष डोकावले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून बराच वेळ आत पाहिलं. गेल्या आठवड्यात हे लोक सुखी होते, असं त्यांनी म्हटलं. काकांनी नम्रपणे सांगितलं की गेल्या आठवड्यात ते चुकीचे होते.

“यांच्यात जरा भरदार माणूस नाही का एखादा?” अध्यक्षांनी विचारलं. “माझ्या मेव्हण्यासारखा?”

काकांनी मेव्हण्याची उंची विचारली. मग छातीचा घेर. मग कमरेचा. अध्यक्षांनी चक्क बहिणीला फोन लावला आणि मापं मिळवली; नवऱ्याची मापं कशाला हवीत, हे तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. काकांनी तिथेच पेटी उघडून दोन मेव्हणे कोरले, अगदी एकास पन्नास. दोन अशासाठी की एक चारवाल्यांच्या विमानातही बसवायला हवा. नुसता एकाच विमानात बसवला तर तेही एक प्रकारचं खोटं मापच झालं असतं.

गुरुवारच्या बैठकीत काका नव्हते, पण खरेदीच्या बाईंनी नंतर जे सांगितलं ते असं. टायवाल्यांनी इंधनाचे तक्ते मांडले, चारवाल्यांनी समुद्राचे नकाशे. दोघंही भरभरून बोलले. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि मग तिसाव्या ओळीतल्या मधल्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं की हा आमचा मेव्हणा, हा इथे चौदा तास कसा बसेल. तक्त्यात मेव्हण्याचा रकाना नव्हता. चारवाल्यांचा माणूस गालात हसायला लागला, तेवढ्यात अध्यक्षांचं बोट त्यांच्या विमानाकडे वळलं. तिथला मेव्हणाही फार सुखात नव्हता. शेवटी चाळीसपैकी निम्मी विमानं यांची आणि निम्मी त्यांची घ्यायचं ठरलं, जसं अशा भांडणांत बहुतेक वेळा ठरतं. अट एकच, दोघांनीही प्रत्येक ओळीतली एक खुर्ची काढायची. दोन्ही कंपन्या भडकल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं म्हणे.

दोनवाल्यांचं काम त्यानंतर बंद झालं. फोन नाही, चिठ्ठी नाही. चारवाल्यांनी एक छोटं मॉडेल सांगितलं, पण भाव न विचारता सांगितलं आणि नेताना मोजलंही नाही. त्यात मान होता की राग, हे काकूंना पुष्कळ विचार करूनही कळलं नाही. काकांनी एका रुग्णालयाच्या इमारतीचं मॉडेल केलं, एका पुलाचं केलं. पुलावर त्यांनी पन्नास माणसं उभी केली, चिठ्ठी वाचून. सायकलवाला मधूनमधून विचारायचा की काका, तुम्हाला काय पडलं होतं हो, गप्प बसला असतात तर. काका म्हणायचे, हो ना. आणि कामाला लागायचे. या माणसाशी भांडताही येत नाही, अशी सायकलवाल्याची तक्रार होती.

पाच महिन्यांनी टायवाल्यांचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. नव्या विमानाचं मॉडेल हवं आहे, एकास पन्नास, एक कुशी उघडी. यंत्रावर छापून पाहिलं होतं, पण ज्या ज्या विमानसेवेला दाखवलं तिने पहिला प्रश्न हाच केला, की हे त्या स्वतः येऊन चुकलेलं माप दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने केलंय का. आणि नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या काढल्या. तेव्हा काम काकांचंच. फक्त एक गोष्ट. प्रवासी या खेपेला कंपनी पुरवेल.

“पुरवा,” काका म्हणाले. “मी मोजून घेईन.”

प्रवासी आले. सुरेख खोक्यात, कापसात गुंडाळलेले. काकांनी शंभर माणसं चिमटीत धरून पाहिली, मग सवय लागली होती म्हणून पट्टी लावूनही पाहिली. सगळी सव्वीस मिलिमीटर, एकही कमी नाही. काका खूष होणार इतक्यात काकूंनी चारपाच जण टेबलावर ओळीने मांडले आणि बोट दाखवलं. उंचीला चोख, पण सगळेच्या सगळे काडीपैलवान. तीनशे माणसांत एकालाही पोट नव्हतं.

काकांनी टायवाल्यांना फोन लावला आणि उंचीबद्दल आधी मनापासून अभिनंदन केलं. मग विचारलं की कमरेचं माप कुणाचं घेतलंत.

 टायवाल्यांनी एक लांब श्वास सोडला.

“राहू द्या काका,” ते म्हणाले. “तुमच्याकडची बसवा.”